दादाला ऐकवलेला बर्फ

अलास्काच्या त्या बोटीवर जायची माझी अजिबात इच्छा नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारीलाच हौस होती.

मी अमेरिकेत रेडमंडला मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले होते. इथे एक रीतच पडून गेलीय. आईवडील पहिल्यांदा आले की नायगारा, दुसऱ्यांदा आले की ग्रँड कॅनियन, आणि तिसऱ्यांदा, गुडघे शाबूत असोत वा नसोत, अलास्काची क्रूझ. माझी ही तिसरी खेप. पार्कात भेटणाऱ्या सगळ्या आया ते उरकून आलेल्या. "अजून नाही गेलात?" असं मला इतक्यांदा विचारून झालं होतं, की मुलालाच ओशाळवाणं वाटायला लागलं असावं. एक दिवस ऑफिसमधून आला आणि म्हणाला, "आई, बुक केलंय. बाल्कनीवाली रूम."

माझा जीव मात्र नागपुरात होता. दादा हॉस्पिटलमध्ये होता. साखरेनं त्याचे डोळे आधीच नेलेले, आता छातीत पाणी झालं होतं. आई-वडील गेल्यापासून माझं माहेर म्हणजे दादा आणि वहिनी. लग्न होऊन मी पुण्याला गेले त्याला उभा जन्म झाला, पण त्या घरात माझा स्टीलचा पेला अजून वेगळा ठेवलेला असायचा. चहा मला त्यातच लागतो. कपबशी पाहुण्यांची. मी गेले की वहिनी न विचारता तो पेला काढायच्या.

मी इथे असले की दादाशी रोज बोलायची. इथली संध्याकाळ म्हणजे तिथली सकाळ. वहिनी फोन लावून त्याच्या कानाशी धरायच्या. बोटीवर चढायच्या आदल्या दिवशीही बोललो. मी म्हटलं, "दादा, मी नाही जात. तू असा पडलेला, आणि मी कुठे हिंडू?"

"जा नं तू," तो म्हणाला. आवाज खोल गेला होता, पण चेष्टा जाईना. "बर्फाचा गोळा खायला एवढ्या लांब चाललीस? आपल्या सदर बाजारात मिळत नव्हता का?" मग जरा दम खाऊन म्हणाला, "तो बर्फ तुटतो नं, तेव्हा मोठा आवाज होतो म्हणे. रेडिओवर ऐकलं होतं मी. फोटो पाठवून मला काय उपयोग? तो आवाज ऐकव."

म्हणून गेले. बाकी काही नाही, त्या आवाजासाठी गेले.

बोट कसली, मेलं आडवं पडलेलं हॉटेल. गालिचे, लिफ्टा, जिन्याजिन्यावर फुलं. जेवणाच्या हॉलच्या दारात एक मुलगी आमच्या हातांवर औषध फवारत गाणं म्हणायची. खोलीत टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला. आम्ही चौघं: मुलगा, सून, दहा वर्षांची नात आणि मी. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. बोट हलते म्हणून नव्हे. दादाचा खोल गेलेला आवाज कानातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा बाल्कनीत फोन घेऊन बराच वेळ उभा होता. आत आला तो एकदम माझ्या पायावर शाल घालायला लागला. मी म्हटलं, "अरे, मला काय झालंय?" तर म्हणे, "काही नाही, गार आहे." संध्याकाळी मी नागपूरला फोन लावायला सांगितलं. म्हणाला, "वायफाय बंद आहे आई. सॅटेलाइटचा प्रॉब्लेम आहे." त्यानंतर मी विचारलं की तेच उत्तर. शेजारच्या टेबलावरचा गोरा म्हातारा खुशाल नातवंडांशी व्हिडिओवर बोलत होता. मी तिकडे बोट दाखवलं, तर म्हणाला, "त्यांचा प्लॅन वेगळा आहे."

आणि सून! एरवी तिला देवाधर्माचं काडीचं सोयरसुतक नाही, भाजीसुद्धा फ्रोझन. प्रवासात मी माझा बाळकृष्ण डबीत बरोबर नेते, सकाळी दोन थेंब पाणी घालते, हात जोडते. त्या सकाळी मी डबी काढली, तर ती घाईघाईनं म्हणाली, "आई, आज राहू द्या ना पूजा. क्लीनिंगवाले येणार आहेत." दुसऱ्या दिवशीही तेच. मी चिडले. म्हटलं, "तुमच्या क्लीनिंगवाल्यांना काय बाळकृष्ण चावतो?" एरवी मला तोडीस तोड उत्तर देणारी ती, खाली मान घालून नातीचे मोजे शोधायला लागली.

तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पूजा कधी थांबवतात, हे मला काय कोणी शिकवायला हवं? पण माणूस आपल्याला नको ते स्वतःहून ओळखत नाही.

ग्लेशियरच्या दिवशी पाऊस होता. आपल्यासारखा नव्हे, नुसती बारीक बुरबुर, कपडे कधी भिजले कळायचं नाही असली. दोन्ही बाजूंना काळे डोंगर, त्यांच्या घळीघळीतून बर्फ उतरलेला. पाणी राखाडी, आकाश राखाडी. सगळे डेकवर ब्लँकेटं गुंडाळून उभे. मला ते दृश्य सुंदर वाटलं नाही. खोटं कशाला सांगू? भीती वाटली. एवढ्या जागेत एक घर नाही, एक धूर नाही, कोणी कोणाला हाक मारली तर ऐकायला माणूस नाही.

मग ती हिमनदी समोर आली. भिंतच. कपड्याला नीळ जास्त पडावी तसा मधूनमधून निळा झालेला बर्फ. बोट जागच्या जागी हळूहळू फिरत होती, दोन्हीकडच्या लोकांना दिसावं म्हणून. मी नातीला म्हटलं, "माझ्या फोनवर ते आवाज पकडायचं लावून दे." तिनं लावून दिलं. मी कठड्याला टेकून फोन पुढे धरून उभी राहिले. बोटं बधिर झाली. मुलगा मागे येऊन म्हणाला, "आई, बास ना आता. आत चल." मी म्हटलं, "दादाला कबूल केलंय." सून त्याच्या पलीकडे होती. तिनं आमच्याकडे पाठ फिरवली.

आणि पडला. भिंतीचा एक भला मोठा तुकडा सुटला आणि खाली गेला. आधी नुसतं दिसलं, आवाज नाहीच. मला वाटलं, अरे देवा, एवढं उभं राहून आवाजच नाही. आणि मग आला. छातीत येऊन बसला. मागोमाग सगळ्या डेकवर टाळ्या. लोक ओरडतायत, शिट्ट्या मारतायत. मीही त्या भरात ओरडले, "दादा, ऐकलंस का रे? अरे, काय मजा आहे इथे! सगळे टाळ्या वाजवतायत बघ!"

खोलीत आल्यावर ते पाठवायचं होतं, पण वायफाय बंद. नात फोन बघून म्हणाली, "आजी, इट्स नॉट ब्रोकन. यू जस्ट हॅव टू लॉग इन." आणि तिच्या आईचा पासवर्ड घालून तिनं ते चुटकीसरशी दादाच्या नंबरवर पाठवून दिलं. तिला बिचारीला कोणी काहीच सांगितलं नव्हतं. तिचे आईबाप तेव्हा खाली कॉफी प्यायला गेले होते.

मी फोन हातातच धरून बसले. थोड्या वेळानं व्हॉट्सॲपवरच्या त्या दोन खुणा निळ्या झाल्या.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! जेवायला जाताना मी चांगली साडी नेसले. टेबलावर बसल्याबसल्या सांगितलं, "दादानं ऐकलं! निळं झालं! म्हणजे घरी सोडलं असणार त्याला." मुलाच्या हातातला घास तसाच राहिला. सुनेनं माझ्याकडे बघितलं, आणि भरल्या हॉलमध्ये, त्या सुटाबुटातल्या लोकांसमोर, ती ओक्साबोक्शी रडायला लागली.

"आई, रूमवर चल," मुलगा म्हणाला.

दादा गेला होता. बोटीवरच्या त्या दुसऱ्या सकाळीच. बाल्कनीत मुलगा बोलत होता तो माझ्या भाच्याशी, दादाच्या मुलाशी. दोघांनी मिळून ठरवलं की आत्याला ट्रिप संपेपर्यंत सांगायचं नाही. सुनेला ते पटलं नव्हतं. पण नवऱ्यापुढे तिचं चाललं नाही, तेव्हा निदान सुतकात माझ्या हातून पूजा घडू नये एवढं तिनं सांभाळलं.

हे ऐकून माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघावा? मी म्हटलं, "मग निळं कसं झालं?"

मी उठले आणि त्या एवढ्याशा बाथरूममध्ये डोक्यावरून पाणी घेतलं. साबणाला गुलाबाचा वास होता. माझा भाऊ गेला आणि मी गुलाबाच्या वासात अंघोळ करतेय, या विचारानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो साबण मी भिंतीवर फेकून मारला. मग खाली बसून रडले.

बोट काही थांबत नाही. कुणाचा भाऊ गेला म्हणून ती मागे वळत नाही. उरलेले दिवस मी बाल्कनीत बसून काढले. खालून बँड ऐकू यायचा. मुलगा चहा घेऊन यायचा, मी कप तसाच ठेवायची. एकदा तो समोर बसला आणि म्हणाला, "आई, आपण समुद्रात होतो. उतरता येणार नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"रडले असते," मी म्हटलं. "आणखी काय करणार होते? तेवढं तरी करू द्यायचं होतंस."

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "बाबा गेले तेव्हा तूच मला फोन केला होतास. जरा सिरियस आहेत, निघ, म्हणालीस. मी अख्खा प्रवास देवाला हात जोडत आलो, आई. मुंबईला उतरल्यावर काकांच्या तोंडाकडे बघून मला कळलं."

मी म्हटलं, "ते वेगळं होतं." पण काय वेगळं होतं, ते मला सांगता आलं नाही. आपल्याकडे असंच करतात. लांबच्या माणसाला आधी थोडंसंच सांगायचं, बाकीचं तो जवळ आला की.

रेडमंडला परतल्यावर मी नागपूरला फोन केला. भाच्यानं उचलला. वहिनी झोपल्यात, म्हणाला. दुसऱ्या दिवशीही झोपल्या होत्या, तिसऱ्या दिवशी अंघोळीला गेल्या होत्या. मला वाटलं, दुःखात आहेत, बोलवत नसेल. परतीचं तिकीट अलीकडे घ्यायचं म्हटलं तरी मिळता मिळेना. नागपूरला पोचले तोवर दादाचे दिवस होऊन गेले होते.

वहिनी दारात आल्या. मी गळ्यात पडले, तर त्यांनी पाठीवर एकदा हात ठेवला आणि काढला. दादाच्या फोटोपुढे दिवा होता. शेजारी त्याचा फोन, नीट पुसून ठेवलेला. आम्ही समोरासमोर बसलो.

मग वहिनी म्हणाल्या, "घरात माणसं बसली होती हो, वन्सं. अस्थी आणून ठेवल्या होत्या. ह्यांचा फोन वाजला. बघितलं तर तुमचं नाव. मुलगा म्हणाला होता, आत्याला कळवलंय. मला वाटलं, रडून काहीतरी बोलल्या असाल. म्हणून मोठ्यानं लावलं, सगळ्यांनी ऐकावं म्हणून."

मी त्यांना सगळं सांगितलं. मला माहीत नव्हतं, मला कोणी सांगितलंच नव्हतं, दादानंच तो आवाज मागितला होता. हात धरून, शपथ घेऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "हो," म्हणाल्या. "मुलानं सांगितलं मागाहून." त्यांचा विश्वास बसला असावा. पण आधी ऐकलेलं कानातून कसं काढणार? माझा तो आनंदी आवाज त्या खोलीत, त्या दिव्यापाशी, सगळ्यांनी ऐकला होता.

"वन्सं," त्यांनी खाली बघतच विचारलं, "एक सांगा. ते लोक टाळ्या कशाला वाजवत होते?"

"बर्फ पडला म्हणून," मी म्हटलं.

"पडला म्हणून टाळ्या?"

त्या उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला, चहाचा वास आला. मी त्या ओळखीच्या फडताळाकडे बघत बसले होते. माझा पेला तिथेच होता, खालच्या फळीवर, पालथा.

वहिनी ट्रे घेऊन बाहेर आल्या. माझ्यासमोर त्यांनी चहा ठेवला. कपबशीत.