पावाच्या यंत्रातली लांब रोटी

जळत नाही आणि धड भाजतही नाही, अशा तांदळाच्या पिठाला एक खिन्न वास असतो. एका फाल्गुनातल्या दुपारी तो वास कुडवा गावातल्या आमच्या घरभर भरून राहिला होता आणि त्याची जननी मीच होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला शेजारणींकडून कळायला नको. पाव करायच्या नव्याकोऱ्या यंत्रात मी कनकीचं पीठ घातलं होतं. कनकी म्हणजे धान भरडताना पडणारा तांदळाचा तुकडा. आमचे हे राईस मिलमध्ये नोकरीला. त्यामुळे आमच्या घरी गहू पाहुण्यासारखा यायचा आणि कनकी मात्र घरच्यासारखी डब्याडब्यांतून ठाण मांडून असायची. यंत्राच्या पुस्तिकेतल्या चित्रात पीठ पांढरंशुभ्र होतं. माझंही पांढरंशुभ्र होतं. शुभ्रतेला शुभ्रता मिळाली, आता अडचण कसली?

एवढ्यावर थांबते तर ती मी कसली? गल्लीतल्या चारचौघींना मी पाव खायला बोलावून ठेवलं होतं. यंत्र शिट्टी मारून थांबलं, झाकण उघडलं, आणि आतून जे निघालं ते दोन्ही हातांनी उचलावं लागलं. शेजारच्या वहिनींनी त्यावर बोटानं टकटक केलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, “काकू, इसको तो सीधा नींव में डालो.” त्या वर्षी त्यांच्या घराच्या पायाचं काम चाललं होतं, म्हणून सूचना अगदीच निरर्थक नव्हती.

आज त्या पन्नाशी ओलांडलेल्या, पण अक्कल अजून यायची असलेल्या बाईकडे पाहून मला हसू येतं. गव्हाच्या पिठात एक लवचीक आप्तभाव असतो. पाणी मिळालं की एक कण दुसऱ्याचा हात धरतो, ताणला तरी सोडत नाही. तांदूळ हा संन्यासी. शिजेल, मऊ होईल, पण कोणात गुंतणार नाही. जन्मभर धानाच्या मुलखात राहून मला हे ठाऊक नव्हतं का? होतं की. पण नवी वस्तू घरात आली की माणूस जुनं शहाणपण दाराबाहेर चपलेसारखं काढून ठेवतो.

ते यंत्र घरात येण्याचं कारण मात्र थट्टेचं नव्हतं. त्या हिवाळ्यात मोरीत पाय घसरून माझं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, पण डॉक्टरांनी बजावलं, जोर लावायचा नाही, कणीक मळायची नाही. पुण्याला नोकरी करणारा मुलगा म्हणाला, “आई, तुले काय आणू?” मी एका मासिकात पाहिलेलं पावाचं यंत्र मागितलं. त्याच मुलाचं लग्न वैशाखात ठरलेलं होतं, आणि माझा जीव खरा तिथे अडकला होता.

आमच्या घराण्यात लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अंगणात चुली मांडतात, चुलींवर मडकी उपडी घालतात आणि त्यांवर लांब रोट्या होतात. झणझणीत रश्श्यात ती रोटी बुडवायची आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत जेवायचं. पहिली रोटी टाकायचा मान वरमाईचा. तिला टाकता आली नाही, तर तो मान नवऱ्या मुलाच्या आत्याकडे जातो. आत्या म्हणजे सालेकशाला दिलेल्या माझ्या नणंदबाई. माझ्याहून थोरल्या, हाताला अचूक आणि तोंडाला त्याहून अचूक. नवी नवरी असताना मी पहिल्यांदा रोटी टाकली, तेव्हा ती मडक्याच्या माथ्यावरच आखडून बसली होती. त्या म्हणाल्या होत्या, “काऊन वो, रोटी केली का रुमाल?” त्यानंतर माझ्या रोट्या कितीही वाढल्या तरी त्यांच्या लेखी रुमालच राहिल्या. आता तर मनगटच गेलेलं. मुलाच्या लग्नात मी हात जोडून बाजूला उभी राहणार आणि पहिली रोटी त्या टाकणार.

आणि घरात काय, तर पाव करायचं यंत्र!

तुम्ही विचाराल, असं यंत्र घ्यावं का? पावासाठी म्हणाल तर मी सांगेन, घेऊ नये. तास न् तास ते आपल्याच पोटात गुरगुरत बसतं, आणि ऐन भाजायच्या वेळी आमच्याकडची लाइन जाते. सकाळी सायकलवरून पाववाला ओरडत येतो, तो काय वाईट? कनकीच्या त्या विटेनंतर मी यंत्रावर विणलेलं आच्छादन घालून त्याला टीव्हीशेजारी बसवलं. हे येता-जाता विचारायचे, “देवाले आज फूल वाह्यलं का?”

पण चैत्राच्या एका रिकाम्या दुपारी मी पुस्तिका पुन्हा उघडली, या वेळी चष्मा लावून. भाजायचं नाही, नुसतं मळायचं, असंही एक बटण होतं. मी गव्हाचं पीठ जुन्या सुती लुगड्यातून वस्त्रगाळ केलं, मीठ आणि सढळ पाणी घातलं आणि बटण दाबलं. थोड्या वेळानं आतून आवाज येऊ लागला: थप, थप, थप. ओलं पीठ भिंतीवर आपटत होतं. परातीत पीठ आपटताना येतो, अगदी तोच आवाज. ज्या आवाजानं खांदे भरून येतात आणि मनगट बोलू लागतं. मी झाकण उघडलं. पीठ रेशमासारखं तुळतुळीत, उचललं की संथ ओघळणारं. माझ्या अंगावर काटा आला. मळायला जोर लागतो, पण लांबवायला लागते ती नजर, लय आणि पिठाची मर्जी ओळखणारे हलके हात. जोर माझा गेला होता. बाकी सगळं जागच्या जागी होतं.

मग रोज दुपारी मागच्या अंगणात माझा सराव चालला. पहिल्या रोट्या चुलीत पडल्या, पुढच्या फाटल्या, आणि फाटलेल्या सगळ्या यांनी निमूटपणे खाल्ल्या. एकदाच म्हणाले, “लग्न लवकर लागू दे बापा, माह्यं पोट रोट्यायचं गोदाम होऊन राहिलं.”

लग्नाचा दुसरा दिवस उजाडला. बायकांनी मोठाल्या परातींत पीठ मळून ठेवलं होतं. यंत्राचं पोट लहान. त्यात माझ्या वाट्याचा एकच गोळा मावला; तो लाइन जायच्या आधी पहाटेच मळून ओल्या फडक्याखाली झाकला होता. अंगणात आले तर नणंदबाई चुलीपाशी पाटावर बसलेल्या. पदर खोचलेला, हात धुऊन तयार. माझ्या मनगटाकडे पाहून त्या म्हणाल्या, “राहू दे वो, मी टाकून देतो. तुह्यं काही कमी नाई होत.”

कमी होत नाही? माझं सगळंच तर त्या मडक्यावर ठेवलेलं होतं.

मी गोळा उचलला. या हातावरून त्या हातावर झेलत गेले तसा तो पसरत गेला, तळव्यांवरून मनगटांवर, मनगटांवरून कोपरांपर्यंत, एखाद्या तलम वस्त्रासारखा झुलू लागला. दुखऱ्या मनगटाला पिठानं सांभाळून घेतलं. एका झोकात मी ते मडक्यावर सोडलं. ना सुरकुती, ना भोक. रोटी मडक्याला कवेत घेऊन दोन्ही बाजूंनी खाली उतरली, आणि तिच्यावर सोनेरी फोड धरू लागले. अंगणातल्या बायका हातातलं काम टाकून पाहत राहिल्या.

नणंदबाईंनी रोटी स्वतः काढली. उन्हाकडे धरून पाहिली; पलीकडे त्यांच्या बोटांची सावली दिसत होती. मी जिंकले होते, तरी खोट्या मानावर जिंकायचं नव्हतं. मी म्हणाले, “बाई, पीठ मशीननं मळलं. त्या पावाच्या.” त्यांनी एक तुकडा तोडला, तोंडात टाकला, सावकाश चावला. मग पाटावरून उठून जागा मला करून दिली आणि उरलेली रोटी नीट घडी घालून परडीत ठेवत, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या:

“दिवाळीनंतर माह्या धाकट्याचं लग्न आहे. मशीन आणशील तं आण, नाई तं राहू दे. पण पयली रोटी टाकाले तूच येजो.”