मीनाताईंच्या फिती

फोन आला तेव्हा स्टाफरूममध्ये मॉर्निंग टी चालू होता. "मीना गेली," एवढंच त्यांचे यजमान बोलले... पुढचा तास मी घेतला, पण काय शिकवलं ते आज आठवत नाही.

ख्राइस्टचर्चच्या आमच्या शाळेत मराठी म्हणजे मीनाताई आणि मी, दोघंच. त्या पीटी घ्यायच्या, मी गणित. खेळाचे संघ पाडायची तिथली जुनी पद्धत अशी, की दोन कॅप्टन पुढे येऊन एकेकाला निवडणार. शेवटी उरायची ती नेहमी तीच दोन-तीन मुलं. ताईंना ते बघवत नसे. पिशवीत रंगीत फिती टाकायच्या, ज्याला जो रंग येईल तो त्याचा संघ, असं त्यांनी सुचवलं. जुने शिक्षक नाराज झाले, मुख्याध्यापकही. निर्णय स्टाफ मीटिंगमध्ये, हात वर करून होणार होता.

"तू फक्त माझ्या बाजूने बोल," ताई म्हणाल्या. माझे पीआरचे, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्याचे, कागद अडकलेले, त्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र हवं होतं. "ताई, मला यात नका ओढू." "बरं," म्हणाल्या आणि डब्यातलं थालीपीठ पुढे केलं. ते "बरं" मला कितीतरी दिवस टोचत राहिलं.

मीटिंगच्या आधी त्यांनी सगळ्या शिक्षकांना पाच मिनिटं मैदानावर नेलं. दोन कॅप्टन नेमले आणि म्हणाल्या, निवडा. रग्बीवाले आधी गेले, मग तरुण मंडळी. चाळिशीचा माणूस मी, पण नजर बुटांवरून हलेना. शेवटी ताई आणि मी उरलो. माझं नाव आलं आणि इतकं हायसं वाटलं, की त्याची आजही लाज वाटते.

आत गेल्यावर पहिला हात ताईंचा वर गेला. मग एक, मग आणखी चार... मी मोजत बसलो होतो. बहुमत झालेलं दिसलं तेव्हा माझा वर केला. ताईंनी ते पाहिलं.

हॉस्पिटलमध्ये शेवटचं बोलल्या ते, "फिती धुतोस ना रे? घामट होतात." टर्म संपली की धुतो. आत्ताही मागच्या दोरीवर वाळताहेत. त्यांच्या जागी आलेले शिक्षक म्हणतात, कॅप्टननी निवडलं की काम झटपट होतं. मंगळवारी त्यावर पुन्हा मीटिंग आहे. माझे कागद केव्हाच हातात आले, भ्यायचं काही कारण नाही, तरी कोणाकोणाचे हात वर जातील ते मी आत्तापासूनच मोजतोय. तेव्हा मोजायला सुरुवात ताईंच्या हातापासून केली होती. या वेळी पहिला हात मलाच वर करावा लागणार.