घोट्यावरची जखम भरली तेव्हा

गोठ्यात घसरून माझा डावा पाय मोडला. दीड महिना प्लास्टर होतं. ते काढल्यावर आठवड्याभरात पोटरी सुजून टणक झाली. पुण्याला नेलं, तेव्हा कळलं की शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे. औषधांनी ती विरघळली. मला वाटलं, सुटले.

तीनेक वर्षांनी घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट पडली, खाजू लागली. एक दिवस कांदे खुरपताना तिथं खुरप्याचं टोक लागलं. खरचटलं होतं एवढंसं, पण वर्ष उलटलं तरी ती जखम भरेना. हळद झाली, पाला झाला, दुकानातली मलमं झाली. जखमेला वास यायचा म्हणून मी चारचौघींत बसणं सोडलं.

शेवटी नवऱ्यानं गाडीवर बसवून राजुरीहून मंचरला एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गुठळी गेली, पण शिरेतल्या झडपा बिघडवून गेली. रक्त वर चढत नाही, घोट्यापाशी साचतं. नुसत्या मलमानं ही जखम भरायची नाही." पायाला रक्त नीट पोहोचतंय ना, हे त्यांनी आधी मशीन लावून तपासलं. मग सिस्टरनं जखमेवर पारदर्शक प्लास्टिक धरून पेनानं तिची कड गिरवली आणि बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी बांधली. दर गुरुवारी यायचं, भरपूर चालायचं, बसलं की पाय वर ठेवायचा.

माझे सासरे जन्मभर मेंढरांमागं फिरलेले. पट्टी बघून ते म्हणाले, "एवढं आवळल्यावर रगात फिरंल का?" पण दुसऱ्या गुरुवारी सिस्टरकडून मागून आणलेलं नवं प्लास्टिक मी जुन्यावर ठेवून दाखवलं. नवी रेघ आत सरकली होती. त्यांनी ते उजेडात धरलं. "आरं तिच्या! बारीक झाली की गं!"

तेव्हापासून गुरुवार म्हणजे आमच्या घरात सणच. मी यायच्या आधीच ते ओट्यावर येऊन बसत. घोंगडीची घडी करून त्यांनीच माझ्या पायाखाली दिली. चुलीपाशी उभी दिसले की ओरडत, "चाल, न्हाईतर पाय वर घे. नुसती हुबी राहू नगं!"

मध्येच मी माती खाल्ली. कळंबला भाचीच्या हळदीला दिवसभर उभी राहिले, खाज सहन होईना म्हणून पट्टीही सोडली. पुढच्या गुरुवारी रेघ बाहेर सरकलेली. मला रडूच फुटलं. सिस्टर पट्टी बांधता बांधता म्हणाल्या, "रडू नका. पुन्हा आत नेऊ तिला."

आणि नेलीच! अखेर एका गुरुवारी त्यांनी पट्टी काढली, पाय पुसला, प्लास्टिक उचललं आणि तशाच थांबल्या. कड गिरवायला जखमच नव्हती. पातळ, गुलाबी, चकचकीत कातडी. "मॅडम, लवकर या!" त्या ओरडल्या.

मी तिथूनच सासऱ्यांना फोन लावला.

"मोठ्यानं बोल, मेंढरं वरडत्यात!"

"दादा, भरली!"

"काय भरलं?"

"जखम! जखम भरली!"

पलीकडं दादा कुणाला तरी हाका मारून सांगू लागले, "आमच्या सूनबाईचा पाय बरा झाला, राव!" फोन बंद करायचंही त्यांना सुचलं नाही.

डॉक्टरबाईंनी पायावर घट्ट मोजा चढवून बजावलं, शिरा तशाच आहेत, हा आता कायम घालायचा. घालीन की! मला नाचावंसं वाटत होतं.

एसटी स्टँडवर डिंभ्याकडची एक बाई शेजारी बसली होती. पायाला फडकं गुंडाळलेलं, त्यावर पदर ओढलेला. मी विचारलं, "किती दिवस झालं?"

ती दचकली. "दोन वरसं. भरतच न्हाई."

मी तिथंच पाय पुढं केला, मोजा खाली ओढला. ती वाकून बघत राहिली. तिनं हलकेच बोट लावलं.

"दवाखाना कुठं हाय?" ती म्हणाली.

माझी गाडी लागली होती. मी ती जाऊ दिली. तिची पिशवी उचलली आणि दोघी रस्ता ओलांडून निघालो.