चौदाची गल्ली

रोज सकाळी टॉवेलच्या गिरणीत जाताना इल्झे पुलावर थांबायची आणि खांबावर रंगवलेल्या आकड्यांत नदी कुठवर आली ते बघायची. ब्लुमेनाउ गावात सगळेच बघत. नदी किती मीटर चढली की आपल्या दारात येते, हे इथं घराच्या पत्त्यासारखं पाठ असे. इल्झेची गल्ली अकराची. रंगखात्यातल्या ओस्मारची चौदाची. तिथं पाणी आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"चौदाच्या गल्लीत सून म्हणून चाललीस, मजा आहे बाई!" शिलाईखात्यातल्या बायका चिडवायच्या. लग्न सप्टेंबरात होतं.

त्र्याऐंशीच्या जुलैत पाऊस थांबेचना. नदी तेरावर गेली तेव्हा ओस्मारनं होडी थेट पडवीच्या छपराला लावली. वरच्या खोलीत इल्झे आणि तिची आई, हेल्गाबाई. होडी इवलीशी, एका खेपेला एकच माणूस.

"चला सासूबाई, आमच्याकडे. तिथं काही भीती नाही."

"अजून झाले नाही मी सासू," हेल्गाबाई म्हणाल्या. "आणि बुडवलंस तर होणारही नाही."

"आईला ने आधी," इल्झे म्हणाली.

"तासाभरात येतो. खिडकी सोडू नकोस." त्याची रंगानं निळी झालेली बोटं क्षणभर चौकटीवर राहिली.

नदी पंधराच्याही वर गेली. चौदाच्या गल्लीत कुणी खुर्चीसुद्धा हलवली नव्हती. हेल्गाबाईंना आणि स्वतःच्या म्हाताऱ्या आईवडिलांना एकेक करून टेकडीवरच्या चर्चमध्ये पोचवण्यात ओस्मारचा दिवस गेला. उजाडताच तो इल्झेकडे निघाला. होडी पुलाला अडकलेली सापडली, तो सापडला नाही.

इल्झे गुडघाभर पाण्यात खिडकीशी उभी होती. सुटकेला आलेल्या सैनिकांना तिला ओढून न्यावं लागलं.

पाणी ओसरल्यावर ती त्याच खोलीत परतली. लग्नाच्या मागण्या आल्या आणि गेल्या. "मी आधी गेले नसते तर..." हेल्गाबाई जेवताना सुरू करायच्या.

"आई, सूप निवतंय," इल्झे म्हणायची.

पुढं आई गेली, गुडघे गेले, तरी ती जिना चढून तिथंच झोपायची. टेकडीवर राहणाऱ्या भाचीनं, मार्लेनेनं, तिच्यासाठी खोलीही रंगवून ठेवली होती.

गेल्या ऑगस्टात, ज्या दिवशी इल्झे वारली त्या सकाळी, तिच्याकडे मुक्कामाला आलेली मार्लेने पाव आणायला निघाली होती. "मावशी, चल की खाली. ऊन छान पडलंय."

"तू हो पुढं," इल्झे म्हणाली. "मी आहे इथंच."