शिवेअलीकडची कैरी

दादा, बदनापूरच्या टेशनावर मला डब्यात चढवताना आईनं एकच सांगितलं होतं, "पहिलं बाळंतपण माझ्या हाताखाली. सातवा लागला की दादाला गाडी घेऊन धाडते." त्या एका शब्दावर मी आमच्या मास्तरांमागं आदिलाबादेकडच्या डोंगरात गेले. नवरा निजामाचा शाळामास्तर, बदली झाली की बायकोनं निघायचं. मला कोण विचारतंय!

तिथं पगार निजामाचा, पण हुकूम गोंडांच्या पंचांचा. गावाचा न्यायनिवाडा सरकारनंच त्यांच्यावर सोडलेला. ना ठाणं, ना पोलीस. मला वाटलं, बरं झालं, कटकट न्हाई.

अन् मीच माती खाल्ली! पोटुशी बाई, दारापुढं आंबा लगडलेला. तोडली कैरी, मीठ लावून खाल्ली. तिथं नवं फळ देवाला वाहिल्याबिगर कुणी तोंडात घालत न्हाई, हे मला काय ठावं? गावचा पटेल आला. आवाज चढवला न्हाई बिलकुल. "बाई, दोष गावावर आला. पूजा होईस्तोवर शीव ओलांडू नको." मास्तर नुसते हात जोडून उभे.

तेवढ्यात तू आल्तास. शिवेपल्याड गाडी उभी करून ओरडलास, "एका कैरीपायी माझी बहीण कोंडता का?" पण गावात मयत झाली, सुतक लागलं, पूजा लांबली. तू रिकामी गाडी घेऊन फिरलास. मंग नाले भरले, वाट बंद. त्या कुडाच्या घरात जीव गुदमरायचा माझा. तुझा राग यायचा, मास्तरांचा यायचा, आईचाही यायचा.

पोरगा तिथंच झाला. पटेलाची म्हातारी कंबर धरून बसली होती. "आजपासून मीच तुझी आई," म्हणाली. मी तोंड फिरवलं. मला माझी आई पाहिजे होती. ती त्याच पावसाळ्यात गेल्ती, अन् मला कळलं तेव्हा दिवाळी उलटली होती.

आता जालन्यात संसार मांडलाय. म्हातारीही गेल्याचं मागंच कळलं. पोरगा मोंढ्यातनं कैऱ्या आणतो अन् मी त्या आधी देवापुढं ठेवते. तो हसतो, "आई, इथं कोणते पंच बसलेत?"

"मी बसलेय ना," म्हणते.

कैरी वाहताना दोघींचं नाव घेते, आईचं अन् म्हातारीचं. माहेरं दोन झाली दादा, अन् जायला एकही न्हाई.