सुरू होतानाचे दोन आवाज

फ्रिज बिघडला की माणसं आधी प्लग हलवतात, मग फ्रिजच्या पाठीत एक थापट घालतात, आणि दोन्हीने काही होत नाही असं दिसलं की मिस्त्रींना फोन करतात. मिस्त्रींची त्याला हरकत नव्हती. थापटेने फ्रिज सुरू झाले असते तर त्यांचा संसार कशावर चालला असता?

या मिस्त्रींची ख्याती अशी होती की त्यांना फ्रिज बघावाच लागायचा नाही. "फोन फ्रिजच्या मागे धरा आणि आता बटण दाबा," असं सांगून ते डोळे मिटून ऐकत. मग म्हणत, "रिले गेलाय. संध्याकाळी येतो." आणि संध्याकाळी खिशात नवा रिले घेऊनच हजर होत. लोक थक्क व्हायचे आणि मिस्त्री थक्क झालेल्या लोकांकडे मनसोक्त बघून घ्यायचे. विनय हा गुण त्यांच्या वाट्याला जरा कमीच आला होता.

खरं तर त्यात जादू काही नव्हती. फ्रिजची मोटर एकदा फिरायला लागली की निमूटपणे फिरत राहते. तिला जागेवरून उठवणं, हेच काय ते काम. त्यासाठी तिच्या पोटात तारेची एक जास्तीची गुंडाळी असते. मोटर उठताना रिले नावाची काडेपेटीएवढी डबी त्या गुंडाळीला वीज जोडून देते, टक. मोटरने वेग धरला की डबीतलं छोटं वजन खाली पडतं आणि ती वीज तुटते, पुन्हा टक. दोन्हींमध्ये पापणी लवेल एवढंच अंतर. दुसरा टक आला नाही तर ती गुंडाळी तापत राहते आणि मोटर जळते. "पहिला टक म्हणजे ऊठ, दुसरा टक म्हणजे आता तुझी तू चाल," हे मिस्त्री घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकवत. बायकोने ते इतक्यांदा ऐकलं होतं की शिलाई मशीनवरची मान वर न करता ती पुढचं वाक्य पुरं करायची.

आणि असे हे मिस्त्री, त्यांनाच ऐकू येईनासं झालं.

एकदम नाही. आधी बारीक आवाज गेले. दाराची कडी, उकळत्या पाण्याचं झाकण, नातवाचं कुजबुजणं. मग एके दिवशी फोनवर एका बाईंनी फ्रिज ऐकवला आणि मिस्त्रींना नुसती घरघर ऐकू आली. टक नाही, काही नाही. "येऊन बघतो," ते म्हणाले. तेव्हापासून ते प्रत्येकाला येऊन बघतोच म्हणायला लागले. कोणी विचारलंच तर, "हल्लीची मशीनं फोनवर कळत नाहीत हो," असं म्हणून कंपन्यांवर खापर फोडायचे. घरी कोणी नसलं की आपल्याच फ्रिजच्या मागे जाऊन त्याला कान लावून उभे राहायचे. एकदा बायकोने तसं पकडलं तेव्हा म्हणाले, "गॅस बघतोय." ती "बरं" म्हणाली आणि आत गेली.

भीती एकच होती. कान गेला म्हणजे मिस्त्री संपला. दुसरं काही त्यांना येत नव्हतं आणि दुसरं काही व्हायचंही नव्हतं. हत्यारांची पेटी बंद करून आपण खिडकीत बसलोय, असं त्यांना डोळ्यांपुढे दिसायचं. म्हणून त्यांनी ही गोष्ट जगात कोणालाच सांगितली नव्हती. निदान त्यांची तशी समजूत होती.

अशात भाचीचं आइस्क्रीमचं दुकान उघडायचं ठरलं. बहिणीची ही मुलगी लहानपणापासून मामाच्या मागे मागे फिरलेली, त्यामुळे तिचा डीप फ्रीजर मामाच्याच देखरेखीखाली घेतलेला. वापरलेला होता, पण मोटर ठणठणीत. तिने चार दिवस खपून आइस्क्रीम केलं आणि फ्रीजर काठोकाठ भरला. दुपारी दुकान उघडायचं, सगळ्या गल्लीला सांगून झालेलं. आणि त्याच सकाळी वीज जरा डोळा मारून गेली, परत आली, फ्रीजर मात्र परत आला नाही.

"मामा, फ्रीजर बंद पडलाय," भाची फोनवर ओरडली. हे मिस्त्रींना स्वच्छ ऐकू आलं.

ते पेटी घेऊन निघाले तेव्हा बायको चपला घालून दारात उभी.

"तू कुठे?"

"दुकान बघायला. का, माझी भाची नाही का ती?"

दुकानात पोचल्यावर पहिली मौज कळली. सुताराने आधी फ्रीजर आत ठेवून घेतला होता आणि मग त्याच्यापुढे काउंटर ठोकून पक्कं केलं होतं. फ्रीजर आता भिंतीपासून तसूभर हलणार नव्हता. मागच्या फटीत कडेने फार तर एक हात जात होता. मिस्त्रींनी सुताराच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार केला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि फ्रीजरच्या झाकणावर पालथे झोपले. मग पुढे सरकत सरकत मागच्या फटीत डोकं खाली सोडलं.

"वटवाघूळ दिसताय," बायको म्हणाली. ती कडेने हात घालून आत बॅटरी धरत होती.

"काय?"

"काही नाही. सांभाळा म्हटलं."

उलटं लोंबकळतच त्यांनी मागची जाळी काढली. रिले काळा पडला होता. वीज घाईने परत आली, मोटरने आतला गॅस दाबलेला असतानाच उठायचा प्रयत्न केला आणि रिले भाजला. मिस्त्रींनी नवा रिले पट्टीवर बसवला, स्क्रू आवळले, वायरी जोडल्या आणि लालबुंद तोंडाने वर आले. हाताने खूण केली. भाचीने बटण दाबलं. झाकणाला लावलेल्या तळहातात त्यांना थरथर जाणवली.

"झालं," ते म्हणाले. भाचीने टाळ्या वाजवल्या.

आणि थरथर थांबली.

जरा वेळाने फ्रीजर आपणहून पुन्हा सुरू झाला, पुन्हा थरथरला, पुन्हा थांबला. मिस्त्रींनी मीटर लावून पाहिला. मोटर भलताच करंट ओढत होती. पण त्याला कारणं पन्नास. भाचीचा चेहरा उतरला. बाहेर शेजारचा रसवाला डोकावून गेला, शाळेतून सुटलेली दोन पोरं काचेला नाकं लावून उभी राहिली. मिस्त्रींना घाम फुटला. मोटर आतून अडकत असेल, जरा जोर दिला तर सुटेल. मध्ये तोडणारा ओव्हरलोड तेवढा बाजूला काढायचा आणि वीज थेट जोडायची.

ओव्हरलोड म्हणजे मोटर फार तापली की तिची वीज तोडणारं राखणदार बटण. त्याला बाजूला काढणाऱ्या मिस्त्रींना आमचे मिस्त्री आयुष्यभर खाटीक म्हणत आले होते. आता त्यांच्याच हातात पक्कड होती आणि ते पुन्हा झाकणावर चढायला लागले होते.

"थांबा जरा," बायको म्हणाली.

"बॅटरी धर."

"धरते. पण सुरू होताना टक टक झालंच नाही."

मिस्त्री झाकणावर गुडघा टेकून थांबले. "झालं की. मी ऐकलं."

"नाही झालं. नुसतं घूं करून चालू झालं, तसंच घूं करत राहिलं आणि मग एकच टक होऊन बंद पडलं. मी इथे कान लावूनच उभी आहे."

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. त्यांना राग आला, भयंकर आला. शिवणकाम करणाऱ्या बाईने त्यांना रिले शिकवावा. पण तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव नव्हता. तिच्या डोळ्यांत काळजी होती आणि ती फ्रीजरची नव्हती. राग जसा आला तसा ओसरला आणि त्याच्या जागी लाज आली. मिस्त्रींनी पक्कड खाली ठेवली. मोटर जाळायला निघालो होतो आपण, पोरीची, तिच्या दुकानाच्या पहिल्या दिवशी. आणि ते कशासाठी, तर मला ऐकू येत नाही हे तोंडाने म्हणावं लागू नये म्हणून.

"मला ऐकू नाही आलं," ते हळूच म्हणाले. "पहिलाही नाही आणि शेवटचाही नाही."

"मला आलं ना," बायको म्हणाली. "पुढे काय करायचं ते सांगा."

मग मिस्त्री पुन्हा मिस्त्री झाले. "टक टक झालं नाही म्हणजे रिले आधीपासूनच जोडलेला आहे. वजन खाली पडतच नाहीये. पण नवा कोरा रिले, वजन अडकेल कसं? बॅटरी मार बघू त्याच्यावर. डबीवर एक बाण असेल. त्याचं टोक छताकडे आहे ना?"

बायकोने फटीत गाल चेपून बॅटरी मारली.

"जमिनीकडे आहे," ती म्हणाली. "तसंच असतं का?"

मग मिस्त्रींचे खांदे हलायला लागले. भाचीला वाटलं मामा रडतायत. ती पुढे धावली, तर मामा हसत होते. बाण वर हवा, म्हणून त्यांनी तो वरच बसवला होता. फक्त त्या वेळी ते स्वतः उलटे टांगलेले होते आणि त्यांचं वर म्हणजे जगाचं खाली होतं. डबीतलं वजन बिचारं पडून पडून पडणार कुठे? ते चुकीच्या बाजूलाच आरामात बसलं होतं, गुंडाळीची वीज धरून.

"वटवाघळाने रिले बसवला की असंच व्हायचं," बायको म्हणाली. या वेळी ती जरा मोठ्याने म्हणाली. मिस्त्रींना इतकं हसू आलं की झाकणावरून उतरून त्यांना पाणी प्यावं लागलं.

पुन्हा पालथं होणं आलं, लोंबकळणं आलं, स्क्रू सोडणं आणि आवळणं आलं. या खेपेला बायको कडेने सांगत होती, "आता वर. हां, छताकडे. आवळा." शेवटी ते खाली उतरले. भाचीने बटणाकडे हात नेला, तो त्यांनी अडवला.

"गॅसचा दाब निवू दे. मोटर धापा टाकतेय, तिला श्वास घेऊ दे."

"मामा, बाहेर लोक आलेत."

"येऊ देत. आइस्क्रीम आत घट्ट आहे. झाकणावर मीच तर झोपलो होतो, उघडणार कोण?"

मग सगळे थांबले. थांबण्यासारखं अवघड काम नाही, पण मिस्त्रींना ते येत होतं. ते स्टुलावर बसले, कपाळ पुसलं, काचेबाहेरच्या पोरांना वेडावून दाखवलं. दाब उतरला असेल असं वाटलं तेव्हा उठले, तळहात फ्रीजरच्या झाकणावर ठेवला आणि मान हलवली.

भाचीने बटण दाबलं. हाताखाली थरथर सुरू झाली. मिस्त्री डोळे मिटून वाट बघत होते, ऐकू येणार नाही हे माहीत असूनही. तेवढ्यात त्यांच्या हाताच्या पाठीवर बायकोचं बोट टेकलं. टक. आणि लगेच पुन्हा. टक.

पापणी लवेल एवढंच अंतर. बरोबर तेवढंच.

थरथर थांबली नाही. करंट खाली उतरला होता. मिस्त्रींनी मीटर गुंडाळून ठेवला, पण झाकणावरचा हात मात्र बराच वेळ उचलला नाही, कारण त्याच्यावर बायकोचा हात होता.

"चाललं ना, मामा?" भाचीने विचारलं.

"मामीला विचार. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत." बोलून झालं आणि आभाळ काही कोसळलं नाही.

"ते माहीतच आहे," भाची म्हणाली. "वर्षभर आम्ही सगळे तुमच्याशी ओरडूनच बोलतोय की. आई म्हणते, घसा बसला तरी चालेल पण त्याला कळू देऊ नका, त्याला वाईट वाटेल."

मिस्त्रींनी आ वासला. एवढं जिवापाड झाकलेलं गुपित साऱ्या घराने मिळून त्यांच्यापासूनच झाकून ठेवलं होतं.

दार उघडलं. पोरं आत घुसली, त्यांच्या मागे गल्ली घुसली. पहिला कप भाचीने मामीच्या हातात दिला आणि मामाने तो अर्धा पळवला. तो संपतो न संपतो तोच रसवाला समोर येऊन उभा राहिला. "मिस्त्री, माझाही फ्रिज उठताना कण्हतोय. जरा ऐकता का?"

वर्षभर हा प्रश्न आला की मिस्त्रींच्या अंगावर काटा यायचा. आज त्यांनी खुशाल पेटी उचलली. "ऐकेल ही," ते बायकोकडे बोट दाखवून म्हणाले. "काय झालंय ते मी सांगेन. चालेल ना?"

"मला फ्रिज चालल्याशी मतलब," रसवाला म्हणाला.

बायकोने चमचा चाटून खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि निघाली. दोन दुकानांच्या मधल्या चार पावलांत मिस्त्रींनी तिला विचारलंच, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"तुमच्या आधीपासून."

"मग एकदा तरी बोलायचं होतंस मला."

ती थांबली. त्यांचा चांगला कान कुठला हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या बाजूला आली आणि कानाशी वाकून म्हणाली, "कितीतरी वेळा बोलले. तुम्हाला ऐकू आलं नाही."