हमीदचं शेवटचं व्याख्यान

परीक्षा चालू असताना वर्गात फोन घ्यायचा नाही, हा नियम मी नोकरीत लागल्यापासून पाळत आले. त्या सकाळी मात्र पडद्यावर हमीदच्या बायकोचं, सलमाभाभीचं नाव दिसलं आणि मी दाराबाहेर गेले. "शुभा, आटपलं गं सगळं," एवढंच ती म्हणाली आणि फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला. मी परत आत आले. एका मुलीला पुरवणी हवी होती, ती दिली.

हमीद होडेकर मिरकरवाड्याचा, रत्नागिरीच्या मासळी बंदरावरचा. कॉलेजात प्राणिशास्त्राला आम्ही एका वर्गात होतो. वडील आखातात बोटीवर होते, त्यामुळे घर थोरल्या भावाने, युसूफभाईंनी सांभाळलं. भाई शाळा सोडून समुद्रात गेले म्हणून हमीद शिकू शकला, हे तो कुणालाही सहज सांगायचा. पुढे तो खाड्यांवर संशोधन करून आला आणि बाहेरची चांगली नोकरी सोडून रत्नागिरीतच राहिला. दाभोळपासून खाली एकही खाडी त्याने सोडली नाही. एसटीने जायचा, बंदरावर माणसं जमवायचा, मासा का कमी होतोय ते समजावून सांगायचा. मूळचा विनोदी माणूस. त्याच्या सभेत माणसं आधी हसायची आणि मग गप्प व्हायची. त्याची भाषणं माझे विद्यार्थी फोनवर एकमेकांना पाठवत. शिव्याही त्याला पुष्कळ मिळाल्या, त्या बहुतेक त्याच्याच मोहल्ल्यातून.

गेल्या थंडीत मी त्याला कॉलेजात व्याख्यानाला बोलावलं. सभागृहात खुर्च्या पुरल्या नाहीत, मुलं खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसली. हमीद नेहमीसारखा रंगात होता. माशांचा थवाच्या थवा वेढून उचलणाऱ्या पर्ससीनच्या मोठ्या जाळ्याबद्दल तो बोलला आणि मग विजेच्या दिव्यांकडे वळला. काही बोटी रात्री समुद्रात झगझगीत दिवे लावतात, त्या उजेडाला भुलून मासा गोळा होतो आणि अंडी घालायच्या आधीच, लहान वयातच उचलला जातो. "बंदी आहे," तो म्हणाला, "आणि अंधार पडल्यावर किनाऱ्यावरून बघा, क्षितिजावर दिवाळी आहे." मुलं हसली.

तेवढ्यात शेवटच्या रांगेत युसूफभाई उभे राहिले. ते येणार आहेत हे मला ठाऊक नव्हतं, हमीदलाही नसावं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. त्यांच्या दोन्ही बोटींवर तसेच दिवे होते. मिरकरवाड्यात सगळ्यांना ते माहीत होतं, माझ्या विद्यार्थ्यांना नव्हतं.

"हमीद, तू बोलतोस ते सगळं खरं हाय," भाई म्हणाले. "मला दिसत नाय असं समजू नको. पण मी दिवे काढले तर बाजूचा काढणार हाय का? मासा त्याच्या जाळ्यात जाईल, एवढंच. मग माझ्या बोटीवरच्या माणसांनी उद्या सकाळपासून काय करायचं? तू सांग. तू सांगशील तसं मी करतो."

आवाजात राग नव्हता. भाई खरोखर विचारत होते. सभागृह हमीदकडे बघायला लागलं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला…

"भाईजान, मला माहीत नाही."

मुलं पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, पण काहीतरी आशा असेलच ना?" हमीद तिच्याकडे फार मायेने बघत होता. "तुला बरं वाटेल असं सांगता येतं मला," तो म्हणाला. "इतकी वर्षं तेच सांगत आलो. आज भाई समोर उभा आहे, आज नाही सांगता येत." प्राचार्यांनी घाईघाईने आभार मानायला लावले, शाल-श्रीफळ दिलं. मी बाहेर आले तेव्हा हमीद भाईंच्या स्कूटरवर मागे बसत होता, नारळ मांडीवर घेऊन. दोघं एकत्रच घरी गेले.

त्यानंतर त्याने एकही व्याख्यान दिलं नाही. बोलावणी येत होती. मी एकदा रागावले तर म्हणाला, "काय सांगू जाऊन?" पावसाळ्यात कावीळ झाली म्हणून सगळे काविळीचंच औषध करत बसले, मुंबईला नेल्यावर खरं दुखणं कळलं, कॅन्सर. भाईंनीच नेलं, भाईंनीच परत आणलं. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा उशीशी टेकून तो खिडकीतून बंदर बघत होता. बोटी बाहेर पडायची वेळ होती. "दिव्यांच्या जिवावर माझं औषध चाललंय, शुभा," तो म्हणाला. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की तुझी व्याख्यानं ऐकलेले विद्यार्थी आहेत, ते तुझं काम पुढे नेतील. तो हसला. "त्यातले निम्मे मुंबईला गेले. जावंच त्यांनी, इथे काय आहे?" मग त्याने डोळे मिटले. मी उठले तेव्हा म्हणाला, "भाईला कुणी नावं ठेवली तर ऐकून घेऊ नकोस."

मय्यतीच्या दिवशी मिरकरवाड्यातली एकही बोट बाहेर पडली नाही. ज्यांनी त्याला शिव्या दिल्या होत्या, तेही खांदा द्यायला आले. मी आत बायकांमध्ये सलमाभाभीजवळ बसले होते. बंदरावर इंजिनांचा आवाज नव्हता, ती शांतता आतपर्यंत येत होती. मला वेडीला वाटलं, यातून काही होईल. दुसऱ्या संध्याकाळी सगळ्या बोटी गेल्या. अंधार पडला तसे क्षितिजावर दिवे लागले, नेहमीइतकेच.

गेल्या आठवड्यात मासे घ्यायला जेटीवर गेले होते. हमीदची एक सवय तिथे सगळ्यांना पाठ आहे. लिलाव सुरू व्हायच्या आधी तो टोपलीतला एखादा बांगडा उचलून तळहातावर ठेवायचा, शेपटी मनगटाशी आणि तोंड बोटांकडे. मासा किती लांब भरतो ते नुसता बघायचा. त्या दिवशी युसूफभाईंच्या बोटीची टोपली जमिनीवर आली. भाई वाकले, त्यांनी एक बांगडा उचलला आणि तसाच तळहातावर ठेवला. तो बोटांपर्यंत पोचतच नव्हता. भाई त्याच्याकडे बघत राहिले… लिलाव पुकारणारा खोळंबला होता. "भाई, सुरू करू?" त्याने हळूच विचारलं.

भाईंनी मासा टोपलीत टाकला, हात शर्टाला पुसला आणि होकाराची मान हलवली. बोली सुरू झाली.